ऑफ-रोड प्रवासातील पंक्चरची पूर्वतयारी

डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेवर, खडकाळ घाटात, नदीपात्रात किंवा वाळूत टायर पंक्चर झाला, तर कोणाच्याही मदतीशिवाय गाडी पुन्हा चालती करता यावी, म्हणून आधीच केलेली साधनांची आणि सरावाची जुळवाजुळव. हमरस्त्यावर जुना टायर टांगलेली पंक्चरवाल्याची टपरी कुठे ना कुठे भेटतेच. आडवाटेला टपरी नसते, बहुधा मोबाइलला रेंजही नसते.

पंक्चर कशाने होणार हे प्रदेशावर ठरते. सह्याद्रीत बेसाल्टच्या नुकत्या फुटलेल्या दगडाची धार टायरची बाजू चिरते. पठारावर बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा, तर काढणी झालेल्या शेतातून जाताना तुरीची नि कपाशीची धसकटे. काटा मोडून रबरात अडकून राहतो आणि हवा इतकी सावकाश जाते, की रात्री तंबूशेजारी धडधाकट दिसलेले चाक सकाळी जमिनीला टेकलेले सापडते. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर आणि निघण्यापूर्वी चारही चाकांची हवा गेजने पाहण्याचा परिपाठ असतो.

हवेचा दाब ही तयारीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित बाब. रस्त्यावर ३०–३५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) ठेवलेला टायर खडकावर ताणलेल्या फुग्यासारखा वागतो. टोकदार दगड त्यात सहज घुसतो. हवा २०–२५ पर्यंत उतरवली, की टायर दगडाभोवती वळतो आणि पकडही वाढते. वाळूत १५–१८ पर्यंत उतरतात. मात्र हवा कमी केली, की टायरची बाजू फुगून बाहेर येते, आणि बाजू हाच टायरचा सर्वांत पातळ भाग. त्यामुळे वेग कमी ठेवणे, दगडाला बाजू घासू न देणे आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरणे भाग असते. कमी हवेत जोरात वळवले, तर टायर रिमवरून निसटतो.

स्टेपनी हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे, की तो मूळचा एका रस्त्याच्या नावावरून आला हे कोणाच्या ध्यानात येत नाही. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ साली जादा चाक विकायला काढले. तो आरे नसलेला, हवा भरलेला टायर चढवलेला रिम होता आणि बसलेल्या चाकावर तो बाहेरून आवळून लावत. इंग्लंडात हा शब्द मागे पडला, भारतात टिकला. भारतात २०२० साली नियम बदलले आणि ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्ती किट असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी न बाळगण्याची मुभा मिळाली. शहरात ते चालून जाते. आडवाटेला किट पुरत नाही, कारण बाजू चिरली तर किटचा उपयोग जवळजवळ शून्य. इथे पूर्ण मापाचीच स्टेपनी हवी. कमी व्यासाचे चाक लावून फोर-व्हील ड्राइव्ह घातला, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ताण गिअरवर येतो. लडाखसारख्या निर्जन भागात दोन स्टेपन्या नेणारेही आहेत. स्टेपनीची हवा तपासावी, तसेच तिचे वयही पाहावे: बाजूवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

खरी फजिती बहुधा नटांपाशी होते. गॅरेजमध्ये हवेच्या गनने आवळलेला नट गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्याने हलत नाही. मग पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची वेळ येते. उपाय साधा आहे. निघण्यापूर्वी घरासमोर एकदा चाक काढून पुन्हा बसवावे, लांब दांड्याचा पाना सोबत घ्यावा आणि चोरी टाळण्यासाठी एखादा नट वेगळ्या घडणीचा असल्यास त्याची किल्ली कुठे आहे ते पाहावे. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करतात, आवळताना समोरासमोरचे घेतात. मऊ मातीत जॅक वर जाण्याऐवजी स्वतःच खाली रुततो. त्याखाली फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी लागते.

ट्यूबलेसचे पंक्चर काढायला चाक उतरवावे लागतेच असे नाही. खिळा दिसला तरी सामान हाताशी येईपर्यंत तो उपटू नये; हवा तोच धरून असतो. पक्कडीने खिळा काढून भोकात रिमर, म्हणजे भोक खरवडणारी दातेरी सळई, फिरवायचा, सुईत ओवलेल्या पट्टीला सोल्युशन लावून ती अर्ध्याहून अधिक आत दाबायची आणि सुई झटक्यात ओढायची. पट्टी आत राहते, बाहेरचे टोक कापून टाकतात. मग साबणाचे पाणी ओतून बुडबुडे येतात का ते पाहायचे. बाजूच्या चिरेत चार-पाच पट्ट्या कोंबून सावकाश वस्तीपर्यंत पोहोचता येते, पण तो टायर पुढे वापरण्याजोगा राहत नाही.

हवा भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतो. मोठा कॉम्प्रेसर डॅशबोर्डच्या सॉकेटवर लावला तर फ्यूज उडतो. तो चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडतात आणि इंजिन चालू ठेवतात. लेहच्या ३,५०० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने तोच टायर भरायला जास्त वेळ लागतो. रिमवरून निसटलेला टायर भरताना हवा कडेने पळते. त्या वेळी टायरच्या घेराभोवती पट्टा आवळला, की दोन्ही कडा रिमकडे सरकतात. व्हॉल्व्हची पिन काढून ठेवली तर हवा वेगाने शिरते आणि कडा ‘फट्’ आवाज करून जागेवर बसतात.

टायरमध्ये आधीच भरून ठेवण्याचे जेल जमिनीला टेकणाऱ्या नक्षीतली बारीक भोके बुजवते, चिरेपुढे हात टेकते. जेल भरलेला टायर पंक्चरवाल्याकडे दिला तर तसे आधी सांगावे. नाहीतर पहिली पिचकारी त्याच्या अंगावर उडते.