स्विस राज्यपद्धती

स्विस राज्यपद्धती म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये चालणारी सरकारची सिस्टिम. हिच्यात पंतप्रधान नाही, विरोधी पक्षनेता नाही, आणि राष्ट्राध्यक्ष आहे तो फक्त एका वर्षापुरता. सरकार म्हणजे सात जणांचं मंडळ, फेडरल काउन्सिल, जर्मनमध्ये बुंडेसराट. खालच्या सभागृहाचे २०० आणि वरच्याचे ४६ असे सगळे खासदार एकत्र बसतात आणि गुप्त मतदानाने एकेक मंत्री चार वर्षांसाठी निवडतात, आणि एकदा निवडला की मधेच अविश्वास ठराव आणून त्याला पाडायची सोयच नाही. सातांतला एक जण दरवर्षी पाळीने अध्यक्ष होतो, पण स्वतःचं खातं सांभाळूनच, बाकी सहा जणांवर त्याचा हुकूम चालत नाही. मीटिंग चालवायची, भाषणं करायची, परदेशी पाहुण्यांचं स्वागत करायचं, झालं. पुन्हा उभं राहिलेल्या मंत्र्याला सहसा कोणी पाडत नाही, १८४८ पासून फक्त चौघांना खासदारांनी घरी बसवलंय, त्यांतले शेवटचे २००७ साली क्रिस्टोफ ब्लोखर.

आपल्याला पहिला प्रश्न हाच पडतो की एकमेकांचे हाडवैरी असलेले पक्ष एकाच मंत्रिमंडळात इतकी वर्षं नांदतात कसे. स्विस लोक स्वभावाने समजूतदार आहेत वगैरे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण इतिहास बघितला तर कारण वेगळंच निघतं: पक्ष एकत्र आले ते मतदारांच्या धाकाने.

सुरुवात तर चक्क लढाईने झाली. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये सात कॅथलिक कॅन्टन (कॅन्टन म्हणजे तिथली राज्यं) एका बाजूला आणि उदारमतवादी, बहुतेक प्रोटेस्टंट कॅन्टन दुसऱ्या बाजूला असं यादवी युद्ध पेटलं. महिन्याच्या आत मिटलं, माणसं साधारण शंभर गेली. जिंकणाऱ्या बाजूचे सेनापती द्यूफूर पुढे रेड क्रॉसच्या संस्थापकांपैकी एक झाले, यावरून युद्ध कुठल्या बेताने लढलं गेलं ते कळतं. १२ सप्टेंबर १८४८ ला राज्यघटना लागू झाली. दोन सभागृहांची कल्पना अमेरिकेकडून उचलली, मोठं कॅन्टन असो की चिमुकलं वरच्या सभागृहात प्रत्येकाचे दोनच प्रतिनिधी, आणि अर्ध्या कॅन्टनचा एक. हो, अर्धी कॅन्टनं आहेत, एकूण २६ पैकी सहा.

आता खरी गोम. जिंकलेल्या उदारमतवाद्यांच्या रॅडिकल पक्षाने मंत्रिमंडळाच्या सातही खुर्च्या स्वतःकडे ठेवल्या, आणि ते तब्बल ४३ वर्षं चाललं. पण १८७४ साली घटना बदलताना त्यांनी एक कलम घातलं, की संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध ३०,००० सह्या जमल्या तर तो कायदा लोकांच्या मताला टाकायचा. (आज ५०,००० सह्या लागतात, त्याही १०० दिवसांत.) हरलेल्या कॅथलिक कंझर्व्हेटिव्हांच्या हातात कोलीतच मिळालं. संसदेत त्यांची डाळ शिजत नव्हती, पण सह्या गोळा करायला बहुमत कुठे लागतं? १८८२ मध्ये केंद्र सरकारला एक शिक्षण सचिव नेमायचा होता, तो लोकांनी फेटाळला. १८८४ च्या मे महिन्यात एकाच दिवशी चार प्रस्ताव आपटले, त्याला तिथे 'चार वशिंडांचा उंट' असं नाव पडलंय. शेवटी डिसेंबर १८९१ मध्ये एक रेल्वे कंपनी विकत घ्यायचा प्रस्ताव पडला आणि त्याचे कर्तेधर्ते मंत्री एमिल वेल्टी यांनी राजीनामा दिला. त्या रिकाम्या जागेवर रॅडिकलांनी मुकाट्याने योझेफ झेम्प या कॅथलिक कंझर्व्हेटिव्हाला बसवलं. बाहेर राहून खोडे घालतोय तर आत घेऊनच टाका. आणि पुढची गंमत अशी की त्याच झेम्प यांनी मंत्री म्हणून रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा पुढे रेटला आणि १८९८ मध्ये लोकांनी तो पास केला.

मग हाच पायंडा पडला. १९४३ मध्ये सोशल डेमोक्रॅट आत आले, आणि १९५९ मध्ये २:२:२:१ असं चार पक्षांचं वाटप ठरलं, त्याला 'जादुई सूत्र' म्हणतात. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही, नुसता रिवाज आहे. २००३ मध्ये आकडे थोडे हलले, पण मूळ हिशोब तोच.

कायदा अडवणं हा झाला ब्रेक. १८९१ पासून लोकांकडे ॲक्सिलरेटरपण आहे: आजच्या नियमाने १८ महिन्यांत १,००,००० सह्या जमवल्या तर कोणालाही घटनेतच बदल सुचवता येतो. तो पास व्हायला मात्र दुहेरी बहुमत लागतं, देशभरातल्या मतदारांचंही आणि कॅन्टनांचंही. २०२० मध्ये कंपन्यांना परदेशातल्या कारभारासाठी जबाबदार धरायचा प्रस्ताव ५०.७ टक्के मतं मिळूनही कॅन्टनांच्या गणितात पडला. या वाटेने घटनेत काय काय शिरलंय ते बघण्यासारखं आहे. पहिलाच पास झालेला प्रस्ताव १८९३ चा, जनावराला बेशुद्ध न करता कापायला बंदी, आणि त्यामागे प्राण्यांच्या दयेइतकाच ज्यूंचा द्वेष होता. १९०८ मध्ये ॲबसिंथ नावाच्या दारूवर बंदी. २००९ मध्ये मशिदींचे नवे मिनार बांधायला बंदी, ५७.५ टक्क्यांनी. उलट २०१२ मध्ये सगळ्यांना वर्षाला सहा आठवडे पगारी सुट्टी द्यायचा प्रस्ताव लोकांनी स्वतःच धुडकावला, आपल्याकडे हे कोणाला खरं वाटणार नाही. गायीची शिंगं न कापणाऱ्या शेतकऱ्याला अनुदान द्या, यावरही २०१८ मध्ये अख्ख्या देशाने मतदान केलं आणि नाही म्हटलं.

मराठी वाचकाला सार्वमत म्हटलं की १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल आठवतो, फूल विरुद्ध दोन पानं. तो एकदाच झाला. तिथे वर्षातून साधारण चार रविवार याच कामाचे. आधी घरी पाकीट येतं, आत मतपत्रिका आणि एक छोटी पुस्तिका, जिच्यात सरकारचं म्हणणं असतं आणि विरोधकांचंही. बऱ्याच ठिकाणी मतपत्रिकेवर ठसा मारायचा नसतो, प्रश्नासमोरच्या चौकटीत पेनाने 'हो' किंवा 'नाही' लिहायचं आणि पोस्टाने पाठवून द्यायचं. एवढं असून मतदान बऱ्याचदा ५० टक्क्यांच्या आतच राहतं.

ग्लारुस आणि ॲपेनझेल इनररोडन या दोन कॅन्टनांत अजून उघड्यावर सभा भरते, नाव लांड्सगेमाइंड. आपल्या ग्रामसभेसारखीच, पण इथे अख्ख्या राज्याचे कायदे ठरतात. ग्लारुसमध्ये मे महिन्यात रविवारी हजारो माणसं चौकात गोल करून उभी राहतात, हातातली कार्डं वर करतात, आणि सभेचा प्रमुख नुसत्या नजरेने अंदाज घेऊन निकाल देतो, मोजणी नाही. तिथे कोणीही साधा नागरिक उठून दुरुस्ती सुचवू शकतो. २००६ मध्ये २५ ग्रामपालिकांच्या १० करा असा सरकारचा प्रस्ताव होता. एकाने सुचवलं तीनच करा, आणि सभेने तेच उचलून धरलं, सरकार बघतच राहिलं.

या सगळ्या लोकशाहीत बायका कुठे होत्या? १९५९ च्या सार्वमतात ६७ टक्के पुरुषांनी त्यांना मताधिकार नाकारला, तो मिळाला १९७१ मध्ये. मत द्यायचा हक्क कोणाला द्यायचा हे ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनाच विचारलं, मग उशीर होणारच. शिवाय संसदेचा कायदा घटनाबाह्य म्हणून रद्द करायचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला नाही, त्यामुळे आपल्याकडे संसदेच्या अधिकाराला मर्यादा घालणाऱ्या केशवानंद भारतीसारखा खटला तिथे उभाच राहू शकत नाही. कॅन्टनच्या कारभारात मात्र कोर्टाला हात घालता येतो. इनररोडनच्या पुरुषांनी एप्रिल १९९० च्या सभेत बायकांना पुन्हा नाही म्हटलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९८१ मध्ये सार्वमतानेच घटनेत आलेल्या समानतेच्या कलमावर बोट ठेवून कोर्टाने त्याच नोव्हेंबरमध्ये त्यांना हक्क दिला. एप्रिल १९९१ च्या सभेत बायका पहिल्यांदा त्या गोलात उभ्या राहिल्या. तिथे पुरुषांना कमरेची वडिलोपार्जित तलवार हाच मतदानाचा पुरावा म्हणून चालते, बायकांना मात्र कार्ड दाखवावं लागतं.