तगाई

तगाई : बी-बियाणे, बैलजोडी, विहीर, ताल-बांध यांसाठी किंवा दुष्काळात तग धरण्यासाठी सरकारने शेतकऱ्याला दिलेले छोटे कर्ज. ‘तकावी’ असेही रूप आढळते.

हा शब्द ‘तग धरणे’ या मराठी प्रयोगावरून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. अर्थ जुळत असला तरी ही लोकव्युत्पत्ती दिसते. अरबी ‘कवी’ म्हणजे बळकट आणि त्यावरून ‘तक्विया’ म्हणजे बळ देणे. फार्सी महसुली कागदांतील ‘तकावी’ हीच असून गुजरातीत ती ‘तगावी’ झाली. स्वरांमधल्या ‘क’चा ‘ग’ होणे नवलाचे नाही, म्हणून अरबी मूळच अधिक ग्राह्य वाटते. ‘तगादा’ हा शब्द मात्र वेगळ्या धातूचा. व्यवहारात दोन्ही एकाच दारी भेटत, एवढेच.

प्रथेचा आरंभ निश्चित करणे अवघड आहे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने दिल्लीच्या आसपासच्या दुष्काळात विहिरी व लागवडीसाठी दिलेल्या ‘सोंधार’ नावाच्या कर्जांचे उल्लेख तत्कालीन इतिहासकारांत आहेत. मोगल तकावी त्यांचीच पुढची पायरी मानायची की स्वतंत्र व्यवस्था, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. उद्देश एक असला तरी नाव वेगळे असल्याने सलग परंपरा गृहीत न धरणे बरे.

मराठी मुलखापुरता महत्त्वाचा पुरावा म्हणजे कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला शिवाजी महाराजांनी पाठवलेले 5 सप्टेंबर 1676 चे पत्र. ज्याच्याकडे कुवत व माणूसबळ आहे पण बैल-दाणे नाहीत, त्याला बैलांसाठी रोख पैसे आणि पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे, असे त्यात बजावले आहे. वसुली ‘वाढीदिडी न करिता’, म्हणजे व्याजाविना केवळ मुद्दलाची, आणि तीही त्याच्या ‘तवानगी’प्रमाणे हळूहळू. (तवानगी हा फार्सी शब्द. त्याचाही अर्थ बळच!) शिवकाळानंतर लवकरच लिहिलेल्या सभासद बखरीतही नव्या रयतेस गुरे, बीजास दाणा-पैका आणि खाण्यासही दाणा-पैका द्यावा, असे आहे. पेरणी आणि पोट येथे एकाच कलमात येतात. पुढे ती जोडी सैल होत गेली.

1876–78 च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाच्या 1880 च्या अहवालापाठोपाठ दोन कायदे झाले. 1883 चा जमीन सुधारणा कर्ज कायदा विहिरी-बांधांसारख्या टिकाऊ कामांसाठी होता. परतफेडीची मुदत सामान्यतः 35 वर्षांपर्यंत. 1884 चा शेतकरी कर्ज कायदा संकटनिवारण, बियाणे व जनावरांसाठी. दोन्हींतील थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होई. गावातील अनेकांनी मिळून कर्ज घेतल्यास प्रत्येक जण संपूर्ण रकमेला बांधील राही. आजच्या गटकर्जातील सामायिक हमी ती हीच. व्याज बहुधा रुपयास एक आणा, म्हणजे 6.25 टक्के, सावकाराच्या दरापुढे अगदी हलके.

तरीही सावकार उठला नाही. अर्ज, चौकशी, तारण आणि मंजुरी होईपर्यंत वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून जाई. सावकाराकडे त्याच रात्री दाणे मिळत, शिवाय लग्न, आजारपण यांनाही तो देई. गोरवाला समितीच्या 1951–52 च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सरकारचा वाटा सुमारे 3.3 टक्के, सहकारी संस्थांचा 3.1 टक्के आढळला. 1904 च्या कायद्याने सुरू झालेल्या सहकारी पतसंस्थांकडे पुढे पीककर्जाचे काम गेले आणि तगाई मागे पडली.

पोटासाठीचे कर्ज ‘खावटी’ या नावाने उरले. महाराष्ट्रात आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना 1978 पासून होती. पावसाळ्यात, जुने धान्य संपून नवे यायचे असते तेव्हा, उपासमार आणि सावकारी दोन्ही टाळणे हा तिचा हेतू. करोनाकाळात, 2020 मध्ये, तिचे रूपांतर 4,000 रुपयांच्या अनुदानात झाले: निम्मे रोख, निम्मे वस्तुरूप.

तगाईचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात चढे. कर्ज फिटून पिढी उलटली तरी अनेक उताऱ्यांवर ती नोंद राहिली आणि खरेदी-विक्रीच्या वेळी अडचण ठरली. अशा कालबाह्य नोंदी कमी करण्याचे काम महसूल विभागाने अलीकडे हाती घेतले आहे.