मोटोक्रॉसचे नियम का बदलत गेले? खर्चाची आणि समान संधीची पार्श्वभूमी

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या चढउतारांच्या ट्रॅकवरच्या बाईक शर्यतींत, एक अफलातून नियम होता. शर्यत संपली की मैदानातला दुसरा स्पर्धक ठरलेली रक्कम भरून कंपनीच्या संघाची बाईक चक्क मागून घेऊ शकायचा. ‘क्लेमिंग रूल’ म्हणायचे त्याला. भारी खर्च करून घडवलेलं यंत्र स्वस्तात हातचं जाईल, या धास्तीने कंपन्या तसलं यंत्र आणणारच नाहीत, असा आयोजकांचा हिशेब होता. तो काही जमला नाही. खास बाईक मैदानात येतच राहिल्या.

या खास बाईकना ‘वर्क्स बाईक’ म्हणत. शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीशी त्यांचं नातं फक्त रंगाचं आणि नावाचं. चॅसिस, इंजिन, हब, सस्पेन्शन, सगळं कारखान्यात हाताने बनवलेलं. सुझुकीच्या अशाच विलक्षण हलक्या बाईकवर बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षं २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. मग १९७३च्या हंगामासाठी जागतिक संघटनेने, म्हणजे एफआयएमने, किमान वजनाची अट घातली. हलकेपणासाठी पैसा जाळण्याची चढाओढ थांबावी, हा हेतू. सुझुकीला बाईकचं वजन वाढवावं लागलं, तरी ५०० सीसीचं विजेतेपद त्या वर्षी त्यांच्याच रॉजर डी कॉस्टरने नेलं. एका बाजूने बांध घातला की पैसा दुसरीकडून वाट काढतो, हे तेव्हापासून दिसत आलं आहे.

खरा घाव बसला तो १९८६ साली. अमेरिकन संघटनेने, म्हणजे एएमएने, ‘प्रॉडक्शन रूल’ आणला : ग्राहकाला विकत मिळते त्याच गाडीवर आधारलेली बाईक शर्यतीत चालेल. सस्पेन्शन बदला, इंजिनावर काम करा, पण मुळातली गाडी दुकानातलीच हवी. माझ्या मते या खेळातला हा सर्वांत न्याय्य नियम. स्वतःच्या खिशातून खर्च करणारा रायडर आणि कंपनीचा पगारी रायडर निदान एकाच पायावरून सुरुवात करू लागले. शिवाय जिंकायचं तर विकायची गाडीच चांगली बनवणं कंपन्यांना भाग पडलं, आणि त्याचा फायदा साध्या ग्राहकालाही झाला. जागतिक मालिकेने मात्र हा मार्ग धरला नाही. तिथे आजही कारखान्याची खास बाईक चालते.

पण याच नियमात नव्या प्रोटोटाइपला, म्हणजे अजून विक्रीला न आलेल्या बाईकला, एका हंगामाची सवलत होती. १९९७ साली यामाहाने तिचा फायदा घेऊन फोर-स्ट्रोक वायझेडएम४००एफ उतरवली आणि डग हेन्री या अमेरिकन रायडरने तिच्यावर लास व्हेगासची सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममधल्या ट्रॅकवरची मोटोक्रॉस शर्यत जिंकली. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला इंधन जाळतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांतून एकदा; त्यामुळे टू-स्ट्रोकसमोर टिकाव लागावा म्हणून फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची मुभा आधीपासून होतीच. तंत्र सुधारलं आणि ही मुभा भारी ठरली. १२५ टू-स्ट्रोकच्या गटात २५० फोर-स्ट्रोक आणि २५० टू-स्ट्रोकच्या गटात ४५० फोर-स्ट्रोक धावू लागल्या. काही वर्षांतच वरच्या गटांतून टू-स्ट्रोक जवळपास हद्दपार झाली.

खर्च वाढला तो इथे, आणि हे गॅरेजमध्ये उभं राहिल्याशिवाय नीट समजत नाही. टू-स्ट्रोकचं हेड आणि सिलिंडर काढायचं, पिस्टन-रिंग बदलायची, गॅस्केट लावून बंद करायचं. जाणता रायडर हे घरच्या अंगणातही करतो. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह आले, कॅम आला, टायमिंग चेन आली. फीलर गेजने व्हॉल्व्हचं अंतर मोजा, कमी-जास्त असेल तर कॅम काढून खालची शिम, म्हणजे अंतर जुळवणारी छोटी चकती, बदला. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह झिजले तर नवे घ्या. आणि ऐन शर्यतीत व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, तर जवळजवळ अख्खं इंजिनच नवं भरावं लागतं. सवलत समानतेसाठी दिली होती, तिची किंमत मात्र सर्वांत लहान खिशाच्या रायडरने मोजली. ज्युनियर जागतिक स्पर्धेत ६५, ८५ आणि १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक टिकून राहिल्या, हे या पार्श्वभूमीवर फार मोलाचं. जागतिक मालिकेच्या एमएक्स२ या खालच्या गटात २३ वर्षांची वयोमर्यादा आहे, तीही त्याच जातीची : मुरलेल्या रायडरने वर जावं, खालची जागा नव्यांना मिळावी.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या वाटेने आला. इथे दरी कंपनीची बाईक आणि दुकानातली बाईक यांच्यात नव्हती; ती परदेशी बाईक आणि देशी बाईक यांच्यात होती. १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स१०० पुढे कित्येक वर्षं आपल्या डर्ट ट्रॅकवर धावली. तिच्यासमोर आयात केलेली मोटोक्रॉस बाईक उभी केली, तर ती शर्यतच उरत नाही. म्हणून राष्ट्रीय सुपरक्रॉसमध्ये परदेशी आणि भारतीय बाईकचे गट वेगळे ठेवले गेले. नवख्यांचा नोव्हिस गट आला, आणि कंपनीच्या संघाबाहेरच्या रायडरसाठी प्रायव्हेट एक्सपर्ट गट आला. तांत्रिक बंधनांपेक्षा हा उपाय स्वस्त आणि तपासायला सोपा. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगनेही परदेशी रायडरच्या ४५० आणि २५० सीसी गटांसोबत भारत-आशिया गट आणि ८५ सीसीचा ज्युनियर गट ठेवला.

मुंबईच्या पोरांना यातलं सगळं लागू पडतं, वर जागेचा प्रश्न वेगळा. सरावासाठी बाईक टेम्पोत घालून पुणे नाहीतर नाशिक गाठायचं. टेम्पोभाडं, पेट्रोल, मेकॅनिकचा दिवस, नॉबी टायर, एवढं झाल्यावर एन्ट्री फी. देशी बाईकचा क्लच, स्प्रॉकेट किंवा केबल कुर्ल्याच्या दुकानांत त्याच दिवशी हाती पडते. आयात बाईकच्या पार्टसाठी ऑर्डर टाकून वाट बघावी लागते आणि तोवर एखादी फेरी हुकते. कावासाकीची केएक्स२५० दहा लाखांच्या आत असली, तरी पगारदार घराला ती सहज झेपत नाही. पूर्ण तयार बाईकवरचं मूळ सीमाशुल्क १६०० सीसीपर्यंत २०२५च्या अर्थसंकल्पात ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. त्याने थोडा दिलासा मिळेल. पण १२-१४ वर्षांच्या मुलाला लागणारी ८५ सीसीची बाईक अजूनही परदेशातूनच येते. ज्युनियर गटाचा नियम कितीही चांगला केला, तरी त्या गटाच्या स्टार्ट गेटवर कोण उभं राहणार हे आधी त्या बाईकच्या किमतीवर ठरतं.