ट्रूसो सिंड्रोम (कॅन्सरमध्ये होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या)

कॅन्सर असलेल्या माणसाच्या शिरांमध्ये रक्त गोठायला लागतं त्याला ट्रूसो सिंड्रोम म्हणतात. खरं तर हे नाव शिरांच्या जागा बदलणाऱ्या सुजेचं, म्हणजे आज पोटरीत, थोड्या दिवसांनी हातात, पण आता कॅन्सरमुळे झालेल्या कुठल्याही गुठळीला सर्रास लावतात. आर्मां ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरने 1865 मध्ये पॅरिसला लेक्चरमध्ये हे मांडलं आणि अशी सूज उगाच आली तर आत कुठे कॅन्सर लपलाय का बघा असं सांगितलं. पुढे त्याच्या स्वतःच्याच शिरेला सूज आली, काय ते तो समजला आणि 1867 मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेला.

जखम झाली की टिश्यू फॅक्टर नावाचं प्रोटीन रक्त गोठवायला सुरुवात करतं, आणि कॅन्सरच्या बऱ्याच पेशी हेच प्रोटीन जखम नसतानाही तयार करत बसतात. त्यात केमो, ऑपरेशन, सेंट्रल लाइन (औषध द्यायला मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आणि दिवसदिवस अंथरुणावर पडून राहणं, मग काय, शिरेतलं रक्त साकळतंच. स्वादुपिंड, जठर आणि मेंदूच्या कॅन्सरमध्ये धोका जास्त, ब्रेस्ट आणि प्रोस्टेटमध्ये त्यामानाने कमी.

एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय तर "अशक्तपणामुळे असेल" म्हणून तेल चोळत बसू नये (आपल्याकडे हमखास हेच होतं), त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त वाहतंय का दाखवणारी) करावी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली की अचानक धाप लागते, छातीत दुखतं, जीवही जाऊ शकतो. डी-डायमर टेस्टचा (गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणारी) इथे फारसा उपयोग नाही, कॅन्सरमध्ये ती तशीही वाढलेली येते.

पूर्वी वॉरफरिनच्या, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या, गोळ्या द्यायचे. 2003 च्या क्लॉट ट्रायलमध्ये (कॅन्सरच्या पेशंटवरची औषध-चाचणी) डाल्टेपॅरिन या हेपॅरिनच्या प्रकाराच्या इंजेक्शनवर पुन्हा गुठळी व्हायचं प्रमाण वॉरफरिनच्या जवळपास निम्मं निघालं, तेव्हापासून पोटावर रोज टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं आली. आता अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनच्या गोळ्याही चालतात, पण जठर-आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तस्रावाची भीती असल्याने जपून. ट्रीटमेंट निदान 3 ते 6 महिने, कॅन्सर चालू असेल तर पुढेही. केमोत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) वरचेवर घसरतात, त्या 50,000 च्या खाली गेल्या की डोस कमी करायचा की थांबवायचा हे डॉक्टरच ठरवतात, आपल्या मनाने इंजेक्शन बंद करायचं नाही.