टर्मिनलमधलं कोथरूड किती घरांचं?

परवा सोसायटीच्या ऑफिसात टँकरच्या हिशोबाचा एक छोटा प्रोग्रॅम दाखवत होतो, मीच रविवारी बसून लिहिलेला. काळा स्क्रीन, त्यात हिरव्या-पिवळ्या अक्षरांचं टेबल, बाणाची बटणं दाबून वरखाली जायचं, एवढंच. आमचे खजिनदार काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अरे हे हॅकिंग कशाला चालवलंयस इथे? सोसायटीचं अकाउंट जोडलंय ना त्या लॅपटॉपला?"

सिनेमावाल्यांनी वाट लावलीये हो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळाली की बँक लुटली, हे लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की साधा टर्मिनल उघडला तरी शेजारचा माणूस आपलं पाकीट चाचपतो.

तर टर्मिनल म्हणजे काय, तर मुळात टाइपरायटर. १९६३ साली आलेलं टेलिटाइपचं (म्हणजे वायरीतून आलेली अक्षरं छापणाऱ्या टाइपरायटरचं) मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं कागदावर ठोकायचं, आणि लिनक्समध्ये आजही जे 'टीटीवाय' नाव दिसतं ते या टेलिटाइपचंच. पुढे कागद गेला, काच आली. १९७८ ला डेक कंपनीचा व्हीटी-१०० आला, २४ ओळी आणि ८० रकाने, म्हणजे १९२० घरं, एका घरात एक अक्षर. बुद्धिबळाचा पट समजा, फक्त लांबडा. (८० हा आकडा त्याहून जुना, आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डातला.)

कागदावर एकदा उमटलेलं अक्षर पुसता येत नाही, काचेवर येतं. पण कुठल्या घरातलं पुसायचं हे टर्मिनलला सांगायचं कसं, कारण वायरीतून जातात ती फक्त अक्षरं. म्हणून एक खुणेचं अक्षर ठरलं, एस्केप, नंबर २७. ते आलं, त्यामागे चौकोनी कंस आला, की टर्मिनलने समजायचं की आता येतंय ते छापायचं नाही, ऐकायचं. एस्केप, कंस, १२, अर्धविराम, ४०, एच, म्हणजे "बाराव्या ओळीतल्या चाळिसाव्या घरात जाऊन उभा रहा". रंगही तसाच, ३१ आणि एम म्हटलं की लाल. माझं हिरवं-पिवळं टेबल सगळं याच्यावर चालतं, आणि तुमच्या आजच्या लॅपटॉपवरची टर्मिनलची खिडकी आतून व्हीटी-१०० चीच नक्कल करत बसलेली असते.

आता माझा आवडता भाग. त्या काळी टर्मिनल फोनच्या वायरीवरून दूरच्या कॉम्प्युटरला जोडणाऱ्या मोडेमचा स्पीड ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पूर्ण स्क्रीन पुन्हा रंगवायचा तर १९२० भागिले ३०, चौसष्ट सेकंद! एक अक्षर बदललं म्हणून मिनिटभर थांबा, तोवर चहा उकळून होतो. बिल जॉय या प्रोग्रॅमरने व्हीआय हा मजकूर लिहायचा एडिटर अशाच मोडेमवर बसून लिहिला, आणि त्यातला कर्सर हलवायचा कोड उचलून बर्कली विद्यापीठात केन अर्नोल्डने 'कर्सेस' नावाची लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड) बनवली. तिची आयडिया अस्सल पुणेरी आहे, म्हणजे काटकसरीची. ती दोन पट ठेवते, एक आत्ता स्क्रीनवर काय आहे त्याचा, दुसरा आपल्याला काय हवंय त्याचा. प्रोग्रॅमने दुसऱ्या पटावर हवं ते गिरगटावं, खोडावं, परत लिहावं, वायरीतून काहीच जात नाही. मग 'रीफ्रेश' म्हटलं की दोन्ही पट घर-घर ताडून बघायचे आणि फरक असेल तेवढंच पाठवायचं. दुकानाच्या पाटीवर "दुकान १ ते ४ बंद" मधला ४ चा ५ करायचा असेल तर पेंटर अख्खी पाटी धुऊन काढतो का? एक आकडा खरवडतो, निघतो. (अर्थात ५ कोण करणार म्हणा.)

एक घर बदलायला किती खर्च? वरचा हुकूम मोजा, एस्केपपासून एचपर्यंत ८ अक्षरं आणि नवीन अक्षर धरून ९. चौसष्ट सेकंदाच्या जागी सेकंदाचा तिसरा हिस्सा. पण कर्सेसचा कंजूषपणा इथेच संपत नाही. समजा कर्सर त्याच ओळीत तीनच घरं मागे उभा आहे, तर ८ अक्षरांचा हुकूम कशाला, मधल्या तीन घरात जी अक्षरं ऑलरेडी आहेत तीच पुन्हा छापली की कर्सर आपोआप पुढे सरकतो, दिसायला काही बदल नाही, आणि पाच अक्षरं वाचली. ती प्रत्येक वेळी हा हिशोब करते, हुकूम स्वस्त की पुनरावृत्ती, बॅकस्पेस स्वस्त की ओळीच्या सुरुवातीला जाऊन चालत येणं, आणि ओळीचा शेवट रिकामा करायचा तर स्पेस छापायच्या की "इथून पुढचं पुस" हा तीन अक्षरांचा हुकूम द्यायचा. वेबवाले व्हर्च्युअल डॉमबद्दल, म्हणजे वेबपेजच्या मेमरीतल्या नकलेबद्दल, बोलतात तेव्हा मला हे आठवतं, तेही दोन चित्रं ताडून फरकच लावणं.

बटणांची बाजू पटकन सांगतो. एरवी तुम्ही टाइप करता ती ओळ एंटर दाबेपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःकडेच धरून ठेवते. मला बाण दाबल्याबरोबर कळायला हवा म्हणून 'रॉ मोड' लावावा लागतो, त्यात प्रत्येक बटण थेट प्रोग्रॅमला मिळतं आणि टाइप केलेलं स्क्रीनवर उमटत नाही. गंमत म्हणजे वरचा बाणसुद्धा एस्केप, कंस, ए असाच येतो, त्यामुळे नुसतं एस्केप आलं की प्रोग्रॅमला क्षणभर थांबून बघावं लागतं, मागून अजून काही येतंय का. आणि प्रोग्रॅम मधेच कोसळला तर टर्मिनल त्याच अवस्थेत अडकतं, काही टाइप केलेलं दिसत नाही. अशा वेळी न दिसता 'रीसेट' टाइप करून एंटर मारायचं. दसऱ्याला कीबोर्डला हळदकुंकू वाहायला माझी ना नाही, मीही वाहतो, पण ते केलं म्हणून रॉ मोड सुटत नाही.

आता माझ्या टेबलाचं दुखणं. टँकर कुठून आला या रकान्यात "कोथरूड" असलं की त्या ओळीची उजवी रेघ एक घर बाहेर. का? कोथरूड हे युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत, सहा चिन्हं आहे, क, ओकार, थ, र, दीर्घ ऊकार, ड. ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १८ बाइट. पण घरं किती? ऊकार खाली लटकतो, त्याला शून्य घर यावर सगळ्यांचं एकमत. ओकाराला मात्र कोणी शून्य धरतं कोणी एक, म्हणून एकाच्या मते कोथरूड ४ घरांचं, दुसऱ्याच्या मते ५. माझी लायब्ररी एक आकडा धरते आणि टर्मिनल दुसरा, आणि दोन पट ताडायची सगळी चलाखी तिथे बोंबलते, कारण लायब्ररीला वाटतं कर्सर इथे आहे आणि तो असतो शेजारच्या घरात. जोडाक्षरं तर सोडाच, स्वारगेट लिहून बघा.

हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचं औषधही आपल्याच गावात शोधलं जायचं. १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेने जिस्ट कार्ड काढलं होतं (मूळ काम आयआयटी कानपूरचं), पीसीत कार्ड बसवायचं आणि डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या साध्या टेक्स्ट प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसायची. आज कार्डाची गरज नाही, फॉन्ट भरपूर आहेत, घरांचं भांडण मात्र चालूच.

मी शेवटी पळवाट काढली, गावाचा रकाना सगळ्यात शेवटी नेला आणि उजवी रेघच काढून टाकली. काकांनी पुन्हा चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हॅकिंग असो नसो, पण इकडची रेघ मारायची राहिलीये बघ तुझी."