हायजीन बँक

साबण, टूथपेस्ट, शाम्पू, सॅनिटरी पॅड, डायपर, रेझर असल्या रोजच्या वस्तू ज्यांना परवडत नाहीत त्यांना त्या फुकट मिळवून देणारी व्यवस्था. पैशाशी हिचा संबंध नाही, परतफेडही नाही, एकीकडून वस्तू जमा होतात आणि दुसरीकडून वाटल्या जातात एवढ्यापुरताच बँक हा शब्द. ज्या अडचणीवर हा उपाय आहे तिला हायजीन पॉव्हर्टी म्हणतात. स्वच्छतेची गरिबी असं शब्दाला शब्द ठेवून म्हणता येईल, पण ते फसवं वाटतं, कारण यात गरीब असतो तो माणूस.

ही गरिबी चटकन दिसत नाही. उपाशी माणूस कधीतरी तोंड उघडतो, पण घरात पॅड नाहीत म्हणून मुलगी शाळेत गेली नाही तर पोट दुखतंय असंच सांगितलं जातं. पैसे कमी पडले की आधी पोटोबा, त्यामुळे खर्चाला कात्री लागते ती पहिल्यांदा इथेच. मग टूथपेस्टची ट्यूब मधोमध कापून आतलं ब्रशने खरवडायचं, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून हलवायचं, ओला डायपर वाळवून बाळाला परत बांधायचा. पहिल्या दोन गोष्टी काटकसर म्हणून खपून जातात, चांगल्या खात्यापित्या घरातही चालतात, तिसरीने मात्र बाळाच्या अंगावर पुरळ उठतं.

उगम नक्की कुठून धरायचा यावर एकमत नाही. एक मत थेट इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जातं. 1832च्या कॉलऱ्याच्या साथीत किटी विल्किन्सन नावाच्या बाईने आपल्या घरातला पाणी उकळायचा बॉयलर शेजाऱ्यांना कपडे-अंथरुणं धुवायला खुला केला, आठवड्याला एक पेनी घेऊन, आणि क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरून कपडे निर्जंतुक कसे करायचे तेही दाखवलं (जंतूंमुळे रोग होतात हे शास्त्र तेव्हा अजून पक्कं व्हायचं होतं हे लक्षात घ्या). त्यातूनच पुढे 1842 साली तिथल्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक वॉशहाऊस, म्हणजे धुण्या-आंघोळीची जागा, उघडलं आणि 1846 मध्ये ब्रिटनने स्थानिक संस्थांना अशी न्हाणीघरं बांधायची मुभा देणारा कायदा केला. गंमत म्हणजे तेव्हा त्याच ब्रिटनमध्ये साबणावर कर होता, तो गेला 1853 साली. पण इथे मिळायचं ते गरम पाणी आणि जागा, वस्तू हातात मिळत नव्हती. म्हणून दुसरं मत गरजूंना अन्नधान्य वाटणाऱ्या फूड बँकेकडे बोट दाखवतं, जिची सुरुवात साधारणपणे 1967 साली अमेरिकेच्या ऍरिझोना राज्यातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी केली असं मानतात. तिसरं मत त्याच राज्यातल्या टूसॉन शहराचं. तिथे 1994च्या सुमारास डायपर गोळा करायची एक मोहीम निघाली आणि पुढे तिचीच डायपर बँक झाली. फूड बँकेत साबण आला तरी तो धान्यासोबत आलेला पाहुणा असतो, त्यामुळे टूसॉनचा दावा जास्त पटण्यासारखा आहे.

डायपरच का, याचं कारण सरकारी मदतीच्या व्याख्येत सापडतं. अमेरिकेत अन्नासाठी जी स्नॅप नावाची मदत मिळते तिच्यातून साबण, टॉयलेट पेपर, डायपर काहीच घेता येत नाही, कारण ते अन्न नाही. त्यात बऱ्याच पाळणाघरांत पालकांनी रोजचे डिस्पोजेबल डायपर द्यावेच लागतात, ते नसले की बाळ घेत नाहीत, बाळ घरी म्हणजे आईची किंवा बापाची रोजी बुडाली, रोजी बुडाली की डायपर नाहीत. तिथल्या डायपर बँकांचं राष्ट्रीय नेटवर्क 2011 पासूनचं आहे. ब्रिटनमध्ये कंपन्यांचा शिल्लक माल संस्थांकडे वळवणारी इन काइंड डायरेक्ट ही संस्था 1996 पासून आहे, तर द हायजीन बँक आणि ब्युटी बँक्स या दोन्ही संस्था 2018च्या.

पाळीच्या वस्तूंचा प्रश्न दानाकडून कायद्याकडे सरकला. केनियाने 2004 मध्ये पॅडवरचा कर काढला, भारताने 2018 मध्ये 12 टक्के जीएसटी शून्यावर आणला. यात एक मेख आहे, माल करमुक्त झाला की उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणून किंमत पूर्ण 12 टक्क्यांनी उतरेलच असं नाही. स्कॉटलंडने सरळ फुकटच केलं, 2020च्या नोव्हेंबरात कायदा मंजूर होऊन ऑगस्ट 2022 पासून लागू झाला, आणि गरज असेल त्याने घ्यावं, उत्पन्नाचा दाखला नको. कर कमी करण्यापेक्षा हा मार्ग जास्त थेट.

किती लागतं याचा आकडा आपत्तीतल्या मदतीसाठी ठरलेला आहे. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मदतकार्याच्या मानकांप्रमाणे माणशी महिन्याला 250 ग्रॅम अंगाचा आणि 200 ग्रॅम कपड्यांचा साबण. वाटपात उघडलेली बाटली सहसा घेत नाहीत. डायपरची फुटलेली पाकिटं मात्र चालतात, ते साइजप्रमाणे लावून, मोजून नव्याने गठ्ठे बांधतात. लोक हौसेने नवजात बाळाचे इवलेसे डायपर देतात आणि कमी पडतात ते मोठ्या साइजचे, कारण बाळ पहिल्या साइजमध्ये काही आठवडेच मावतं. म्हाताऱ्या माणसांच्या डायपरची गरजही आहेच, पण त्यावर कुणी फारसं लिहीत नाही.

धुवून वापरायचे कापडी पॅड आणि डायपर स्वस्त पडतात खरं, पण त्यांना पाणी, साबण आणि वाळत घालायला जागा लागते, म्हणजे फिरून किटीबाईंच्या बॉयलरपाशीच आलो. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये सुरू झालेली ऑरेंज स्काय ही संस्था व्हॅनमध्येच वॉशिंग मशीन आणि ड्रायर बसवून बेघर लोकांचे कपडे फुकट धुऊन देते, आणि कपडे होईपर्यंत बसून गप्पा मारायला बाहेर नारिंगी खुर्च्या मांडलेल्या असतात.