पुरवठा व वाहतूक पथक (आर्मी सर्व्हिस कोअर)

लढणाऱ्या फौजेला शिधा, इंधन, जनावरांचा दाणा-वैरण आणि वाहने पुरवणारे व दारूगोळा पुढच्या ठाण्यांकडे वाहून नेणारे सैन्याचे अंग. भारतीय भूसेनेत हे काम आर्मी सर्व्हिस कोअरकडे (एएससी) आहे. ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे या कोअरचे ब्रीद. पुरवठ्याचा सगळाच भार मात्र एकट्या एएससीवर नसतो. शस्त्रे, कपडे, सुटे भाग आणि दारूगोळा यांचे भांडार आर्मी ऑर्डनन्स कोअर सांभाळते. वाहनांची मोठी दुरुस्ती ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनियर्स कोअर) करते, तर जनावरांची पैदास व उपचार रिमाउंट व व्हेटरनरी कोअर पाहते. ऑर्डनन्सच्या भांडारातला तोफगोळा एएससीच्या ट्रकमधून जातो आणि तो ट्रक वाटेत बंद पडला तर ईएमईचा कारागीर धावतो. तोफेपर्यंत गोळा वेळेवर पोहोचण्यासाठी या तिघांची कामे एकमेकांत नीट बसावी लागतात.

हिंदुस्थानातील फौजांचा पुरवठा पूर्वी मुख्यतः बाजारावर आणि लमाण तांड्यांवर चाले. बैलांच्या पाठीवर धान्य लादून फिरणारे तांडे पैसे देणाऱ्या फौजेला धान्य विकत. १८०३ च्या दख्खन मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या सैन्यालाही त्यांचा आधार होता. मराठी फौजेबरोबर बाजारबुणग्यांचा मोठा लवाजमा असे. मुलूख आपला किंवा मित्राचा असेतोवर ही पद्धत निभावे. वाट तुटली की ती कोसळे. डिसेंबर १७६० मध्ये रसदेची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि पानिपतावरील भाऊसाहेबांच्या छावणीची उरलीसुरली रसद आटली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढाईला उभे राहिले ते उपाशीपोटी. पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना रणांगणावरच्या चुकांवर पाने खर्ची पडतात. धान्याच्या हिशेबाला त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

एएससी आपले मूळ १७६० पर्यंत नेते. त्या काळी बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांत कमिसारिएट ही पुरवठा खाती होती आणि त्यांच्यावर मुलकी अधिकाऱ्यांचा ताबा होता. पुढे पुरवठा आणि वाहतूक ही दोन कामे जवळ आली, खाते लष्करी झाले आणि १९२३ मध्ये त्याला इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे नाव मिळाले. १९३५ मध्ये ‘रॉयल’ हे बिरुद जोडले गेले, ते भारत प्रजासत्ताक झाल्यावर गळले. कोअरचा वर्धापनदिन ८ डिसेंबरला असतो. माल वाहणारा माणूसही शिपाई असला पाहिजे, त्याला कवायत, हत्यार आणि हुकूम यांची शिस्त हवी, ही या बदलांमागची मूळ जाणीव. भाड्याचा गाडीवान गोळीबार सुरू झाल्यावर बैल सोडून पळाला तर त्याला दोष देता येत नाही.

वाहतुकीची मांडणी तीन फळ्यांत असते. पायदळाच्या पलटणीकडे स्वतःची वाहने असतात, ती पहिली फळी. ब्रिगेड आणि डिव्हिजनसाठी एएससीची पथके माल आणतात, ती दुसरी. कोअर (येथे अर्थ अनेक डिव्हिजनांची मिळून होणारी मोठी फौज) व आर्मी मुख्यालयांच्या हाताखालची, रेल्वेस्थानकापासून पुढच्या भांडारांपर्यंत धावणारी वाहने तिसऱ्या फळीत मोडतात. लष्करी गाड्या पुऱ्या पडल्या नाहीत तर भाड्याचे ट्रक, खासगी तट्टे आणि हमाल घेतले जातात. डोंगराळ सीमेवर हे नेहमीचेच आहे. सियाचीनच्या ठाण्यांपर्यंतची शेवटची वाट स्थानिक हमालांच्या पाठीवरून जाते, आणि गणवेश नसलेल्या या माणसांशिवाय पुरवठ्याचे वर्णन पुरे होत नाही.

एएससी बटालियनचे नेतृत्व कर्नल हुद्द्याचा कमांडिंग ऑफिसर करतो. त्याच्या हाताखाली उपप्रमुख असतो. शिस्त आणि कागदपत्रे ॲडज्युटंट पाहतो, तर पथकाच्या स्वतःच्या सामानसुमानासाठी क्वार्टरमास्टर असतो. कंपनीचा प्रमुख साधारणपणे मेजर, प्लाटूनचा सुभेदार किंवा नायब सुभेदार आणि सेक्शनचा हवालदार. या उतरंडीच्या मध्यावर सुभेदार मेजर असतो. हुद्द्याने तो जेसीओंमध्ये (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) सर्वांत वरचा, पण त्याचे खरे वजन वेगळे आहे. कोणत्या ड्रायव्हरच्या घरी आजारपण आहे, कोण सलग तीन खेपा करून आला आहे, कोणाच्या हाती नवी गाडी द्यावी, हे त्याला विचारल्याशिवाय शहाणा अधिकारी ठरवत नाही.

मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट म्हणजे एमटी. इथला कणा ड्रायव्हर. रोज कोणती गाडी कोणत्या कामावर जाणार याचे ‘डिटेल’ आदल्या संध्याकाळी लागते. गाडीची धाव व इंधन कार डायरीत नोंदले जाते आणि त्या नोंदीवर गाडी वापरणाऱ्याची सही घेतली जाते. अनेक दशके हे काम जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या शक्तिमान ट्रकांनी केले. आता अशोक लेलँडच्या स्टॅलियनसारख्या गाड्या दिसतात. ताफा निघताना कॉन्व्हॉय कमांडर नेमला जातो. गाड्यांमधले अंतर, थांब्याच्या जागा, वेग आणि शेवटच्या गाडीमागे चालणारे रिकव्हरी वाहन (बंद पडलेली गाडी ओढून नेणारे) यांची जबाबदारी त्याची. काश्मीरमध्ये ताफ्याआधी रोड ओपनिंग पार्टी रस्ता तपासते. ती पायदळाची किंवा अन्य दलाची असते, एएससीची नव्हे.

ड्रायव्हरच्या कामाची कसोटी लडाखमध्ये लागते. श्रीनगरकडून येणारी वाट सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या जोझिला खिंडीतून जाते आणि हिवाळ्यात बर्फाने अडते. मनालीकडच्या वाटेवर ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला आणि रोहतांगचा अडथळा टळला, तरी पुढच्या उंच खिंडी आहेतच. म्हणून उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच हिवाळ्याचा साठा वर न्यावा लागतो. याला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात. धान्य, डबाबंद पदार्थ, रॉकेल, डिझेल, शेगड्या, कपडे, औषधे, सगळे यात येते. ९,००० फुटांच्या वर जाणाऱ्या इतर जवानांप्रमाणे ड्रायव्हरलाही विरळ हवेची सवय होण्यासाठी टप्प्याटप्प्याने थांबावे लागते. त्यामुळे गाडी तयार असूनही माणूस उपलब्ध नसतो, असे गणित नियोजन करणाऱ्याला आधीच मांडून ठेवावे लागते. साधे डिझेल थंडीत गोठते. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये लडाखसाठी आणले, ते याच अडचणीवर उत्तर म्हणून.

पुरवठा कंपनीचे काम एवढे डोळ्यांत भरणारे नाही. पलटणीचा क्वार्टरमास्टर आपल्या हजर संख्येनुसार मागणी पाठवतो, पुरवठा डेपो ती तपासून शिधा देतो आणि तो पलटणीच्या लंगरात पोहोचतो. शिध्याचे प्रमाण ठरलेले असते. शांततेच्या ठाण्याचे वेगळे, मोर्चावरचे वेगळे, अतिउंचीवरचे आणखी वेगळे. उंचीवर भूक मरते, म्हणून तिथल्या शिध्यात उष्मांक अधिक आणि चवीत विविधता ठेवावी लागते. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने गरम करून लगेच खाता येतील असे अनेक पदार्थ यासाठी तयार केले आहेत. धान्याचे नमुने कोअरच्या अन्न प्रयोगशाळांमध्ये तपासले जातात. जुना साठा आधी संपवणे, पोत्यांची थप्पी भिंतीपासून दूर लावणे, तुटीची कारणे लेखी देणे, हे स्टोअरकीपरचे रोजचे काम. खराब पिठाची एक खेप सुटली तर अख्खी पलटण आजारी पडते. म्हणून या कामातील कंटाळवाणा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

गाडीचा रस्ता संपतो तिथून ॲनिमल ट्रान्सपोर्ट, म्हणजे खेचरांच्या कंपन्या सुरू होतात. खेचर साधारण सत्तर-ऐंशी किलो ओझे घेऊन अरुंद पायवाट चढते. पालाणाच्या दोन्ही बाजूंना वजन सारखे नसेल तर पाठ सोलवटते आणि जनावर कित्येक दिवस निकामी होते. म्हणून ओझे बांधणे हे या पथकातले पहिले कसब. खरारा, तोबरा, पाणी, नाल आणि पाठीची तपासणी, हे सारे झाल्यावरच जवान स्वतः जेवायला बसतो, असा इथला रिवाज. नालबंद आणि खोगीर दुरुस्त करणारा कारागीर यांच्याशिवाय अशी कंपनी चालू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य यंत्रांवर गेले होते, फ्रान्समधील बर्फ व चिखलासाठी त्यांच्याकडे जनावरे उरली नव्हती. तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये ‘फोर्स के-६’ नावाने हिंदुस्थानी खेचर कंपन्या मुंबई बंदरातून निघाल्या आणि मार्सेयला उतरल्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाबी मुसलमान होते. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मनांनी कोंडी केल्यावर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डंकर्कहून माणसे निघाली, खेचरे मागे ठेवावी लागली. एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. डंकर्कच्या कथेत या जवानांचे नाव फार उशिरा घेतले गेले. स्वतंत्र भारतातील पेडोंगी या खेचराचे नाव मात्र कोअरमध्ये सर्वांना ठाऊक आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याने पकडलेली ही मादी पाठीवर मशीनगनचे ओझे घेऊन आपल्या हद्दीत परतली. तिचा पुढे सन्मान झाला.

जिथे खेचरही जात नाही तिथे माल विमानातून टाकतात. माल पॅराशूटला बांधणे, विमानात रचणे आणि नेमक्या जागी सोडणे यासाठी कोअरमध्ये प्रशिक्षित जवान असतात. १९६२ मध्ये आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या सीमेवरील नामका चू खोऱ्यात हा मार्ग अपुरा पडला. त्सांगधर येथे टाकलेल्या मालातला बराचसा दऱ्यांत जाऊन पडला. गोळा करायला माणसे कमी होती, जवानांकडे मोजकी काडतुसे आणि सुती कपडे होते. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला तो अशा स्थितीत. सैनिकांच्या शौर्यात उणीव नव्हती. रस्ता आणि साठा तयार होण्याआधी ब्रिगेड पुढे ढकलण्याचा निर्णय चुकीचा होता. १९९९ मध्ये कारगिलला चित्र बदलले होते. चाळीस किलोंहून जड असे १५५ मिलिमीटरचे गोळे श्रीनगर–लेह महामार्गावरून शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात, अनेकदा रात्री दिवे बंद ठेवून, तोफांपर्यंत पोहोचत राहिले.

कोअरचे मुख्य प्रशिक्षण केंद्र व महाविद्यालय बंगळूरला आहे. १९९२ पासून महिला अधिकाऱ्यांसाठी सेनेची दारे उघडली तेव्हा सुरुवातीच्या शाखांत एएससी होती. कायम कमिशनसाठी (निवृत्तीपर्यंतच्या सेवेसाठी) मात्र एएससीतील महिला अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली.

जनावरांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करून त्यांच्या जागी सर्व प्रकारच्या भूभागावर चालणारी वाहने, ड्रोन आणि चार पायांचे यंत्रमानव आणण्याकडे सेनेचा कल आहे. १५ जानेवारी २०२५ रोजी सेनादिनाचे संचलन प्रथमच पुण्यात झाले, त्यात असे यंत्रमानव रांगेत चालताना लोकांनी पाहिले. ड्रोन थोडे ओझे झटपट वर नेतो, पण जोरदार वाऱ्यात व बर्फवृष्टीत त्याला थांबावे लागते आणि यंत्राची बॅटरी थंडीत लवकर उतरते. यंत्रे आली की चार्जिंग, सुटे भाग आणि तंत्रज्ञ यांचा नवा पुरवठा उभा करावा लागेल, आणि नालबंदाच्या जागी कोणत्या हुद्द्याचा माणूस नेमायचा हेही ठरवावे लागेल.